पेरूनचं विसर्जन

१९९४ सालच्या गणेशोत्सवात, पाचव्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास, बंगळूरच्या राजाजीनगर भागातल्या एका तळ्यात गणपतीबरोबर आणखी एका देवाचं विसर्जन झालं. हा दुसरा देव ओकच्या लाकडाचा होता, वीतभर उंचीचा. डोकं चंदेरी, मिशा सोनेरी. नाव पेरून. नाव ऐकून पेरणी आठवते, पण संबंध नाही. रशिया-युक्रेनकडच्या लोकांचा, तिकडे ख्रिस्ती धर्म पोचण्याआधीचा, गडगडाटाचा आणि विजेचा हा देव. विसर्जन चुकून झालं. ज्यांच्या घरचा तो देव होता, ते आमचे घरमालक त्या वेळी पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात जादा कामासाठी थांबले होते.

आमच्या घरमालकांइतका एका देवाला धरून राहिलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, आणि देवही त्यांनी असा धरला होता की ज्याला गेल्या हजार वर्षांत कोणी नैवेद्य दाखवला नसावा. मी १९९२ मध्ये पुण्याहून बंगळूरला एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर रुजू झालो आणि त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत भाड्याने राहू लागलो. ते मूळचे निपाणीकडचे. तिशीच्या आत बंगळूरला आले आणि इथलेच झाले. गल्लीत त्यांना सगळे अण्णा म्हणत, त्यांच्या बायकोला अक्का. मला त्यांनी पहिल्या दिवशी नाव विचारलं, ते ऐकून घेतलं आणि त्यानंतर कायम ‘पेपरवाले’ म्हणून हाक मारली. पीण्यातल्या एका लहानशा कारखान्यात ते फोरमन होते. कारखान्यात सहा लेथ, आठ माणसं आणि एक मालक. मालक अण्णांना भीत असे.

भीती कशाची, हे मी एका शनिवारी तिथे गेलो तेव्हा कळलं. एप्रिल महिना होता. दुपारी आभाळ भरून आलं आणि लांब कुठेतरी गडगडलं. अण्णांनी हात वर केला. सहाही लेथ बंद झाले. आठही माणसं उभी राहिली. अण्णांनी डोक्यावरची टोपी काढली, मिनिटभर कोणी हललं नाही. मालक काचेच्या खोलीतून बाहेर आले. ‘अण्णा, माल आज जायचाय!’ ते जवळजवळ रडकुंडीला आले होते. अण्णा शांतपणे म्हणाले, ‘पाच मिनिटांत करंट जाणारच आहे की हो. जाईल तेव्हा बंद पडण्यापेक्षा आधी मान देऊन बंद केलं. आपली इज्जत राहिली, त्याचीही राहिली.’ चार मिनिटांनी वीज गेली. मालक परत काचेच्या खोलीत गेले.

घरी त्यांची पद्धत वेगळी होती. वीज चमकली की ते मोजायला लागत. एक, दोन, तीन. गडगडाट ऐकू आला की थांबत, आकड्याला तीनने भागत आणि वीज किती किलोमीटरवर पडली ते जाहीर करत. इथपर्यंत ठीक होतं, शाळेत सगळ्यांनीच हे केलेलं असतं. पण अण्णा खातरजमा करत. पस्तीसपर्यंत मोजून झालं की उत्तर जे. पी. नगर यायचं. तिथे अक्कांचा धाकटा भाऊ राहत असे. अण्णा फोनकडे धावायचे आणि अक्का त्यांच्या मागे. ‘अहो, वीज पडायलीय, फोनला हात लावू नका!’ तोपर्यंत नंबर फिरवून झालेला असे. ‘तुमच्याकडं पडली काय हो? नाही? नीट बघा की गच्चीवर जाऊन.’ हा मेहुणा एका सरकारी कार्यालयात वरच्या पदावर होता आणि पावसात गच्चीवर जाणं त्याच्या पदाला शोभणारं नव्हतं. एकदा त्याने तिकडून सांगितलं, ‘भाओजी, वीज नाही पडली, पण तुमचा फोन पडला. दर वर्षी पडतो.’ अण्णांनी वहीत लिहिलं: ‘जे. पी. नगर. अनिश्चित.’ आमच्या डेस्कवर इतक्या प्रामाणिकपणे कोणी ‘अनिश्चित’ लिहिल्याचं मला आठवत नाही.

शपथ घ्यायची त्यांची रीतही पेरूनकडूनच आलेली होती. त्याच्या लोकांमध्ये म्हणे करार करताना माणसं आपली शस्त्रं देवापुढे जमिनीवर ठेवत. अण्णांनी ही रीत पीण्यात लागू केली. सोमवारी नक्की येतो म्हणणाऱ्या कामगाराला ते सांगत, ‘पाना खाली ठेव आणि बोल.’ पाना खाली ठेवून दिलेला शब्द मोडायची कोणाची छाती होत नसे, आणि ज्याला सोमवारी यायचंच नसे तो पाना हातातून सोडत नसे. मीही सुटलो नाही. गणपतीला घरी जेवायला येतो असं मी म्हणालो तेव्हा त्यांनी माझ्या खिशाकडे बोट केलं. ‘पेन खाली ठेवा, पेपरवाले.’ ठेवलं.

देव घरात आला त्याची हकिगत अशी. १९७६ ते ७८ अशी दोन वर्षं, त्या वेळच्या कंपनीने अण्णांना कीव्ह शहरातल्या एका कारखान्यात प्रशिक्षणाला पाठवलं होतं. तिथे त्यांच्या शेजारच्या बाकावर मिकोला नावाचा एक सुतार होता. ओतकामाचे लाकडी साचे करायचं काम त्याचं. सुरुवातीला दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण मोजपट्टी दोघांची एकच होती आणि तेवढ्यावर त्यांचं जमलं. मिकोलाचे आजोबा खेड्यातले. वीज कडाडली की ते दाराच्या चौकटीला हात लावून एक नाव पुटपुटत. त्या काळात तिकडे देवाचं नाव कारखान्यात काढायची सोय नव्हती, म्हणून मिकोलाने ते नाव अण्णांना कानात सांगितलं. अण्णा निघाले त्या दिवशी त्याने टॉवेलात गुंडाळलेली एक वस्तू त्यांच्या हातात दिली. साच्यातून उरलेल्या ओकच्या तुकड्यातून कोरलेला पेरून. ‘तुमच्याकडं आकाश मोठं आहे म्हणतोस,’ तो म्हणाला, ‘ठेव याला. मी येईन एकदा, एप्रिलात. तुझ्या गावचा गडगडाट ऐकायला.’

अक्कांनी या पाहुण्याचं स्वागत केलं. त्यांचा एकच प्रश्न होता, वार कोणता? अण्णांनी कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं की काही लोकांमध्ये गुरुवार पेरूनचा. अक्कांचा गुरुवार दत्ताचा होता. प्रश्न मिटला. देवघरात दत्ताच्या तसबिरीशेजारी पेरून बसला आणि एकाच केशरी शिऱ्यावर दोघांचं भागू लागलं. ‘परमुलखातून आलाय, त्याला उपाशी ठेवायचं होय?’ असं त्या मला म्हणाल्या होत्या. त्या त्याला रोज पाण्याने आंघोळ घालत. त्यामुळे दुसऱ्याच वर्षी त्याच्या सोनेरी रंगाच्या मिशा धुऊन गेल्या. अण्णांनी लेथवर पितळेची बारीक तार ओढून नव्या मिशा बसवल्या आणि डोक्याला दर दसऱ्याला कारखान्यातला चंदेरी रंग देऊ लागले. देवाची डागडुजी ही त्यांच्या दृष्टीने मशीनच्या देखभालीइतकीच साधी गोष्ट होती.

मिकोलाची पत्रं वर्षाला दोन येत. अण्णा ती शब्दकोश घेऊन वाचत. एका पत्राला आठवडा लागे आणि तो आठवडा ते चांगल्या मनःस्थितीत असत. १९९१ च्या वसंतात शेवटचं पत्र आलं. त्याच वर्षी त्या देशाचे तुकडे झाले. त्यानंतर अण्णांनी पाच पत्रं पाठवली. पाकिटावर देशाचं जुनं नाव लिहावं की नवं, हे त्यांना पोस्टातही कोणी खात्रीने सांगू शकलं नाही, म्हणून ते दोन्ही लिहीत. एकाही पत्राचं उत्तर आलं नाही. मी राहायला गेलो तेव्हा परिस्थिती ही होती. मी कामावरून आलो की ते फाटकाशी उभे असत. ‘पेपरवाले, कीव्हची काही बातमी?’ बहुतेक वेळा नसे. शेवटी मी जगभरातल्या शहरांच्या तापमानाची जी यादी वृत्तसंस्थेकडून येते, तिच्यातली कीव्हची ओळ कागदाच्या चिठोऱ्यावर उतरवून आणू लागलो. अण्णा ती चष्मा लावून वाचत. ‘उणे चार. म्हणजे मिकोला आज कानटोपी घालणार.’ जूनमध्ये एकदा पंचवीस अंश होते. ‘आज नदीवर गेला असेल,’ असं म्हणून ते आत गेले आणि अक्कांनाही तेच सांगितलं. मिकोला जिवंत आहे का, हा प्रश्न त्या घरात कोणी विचारत नसे. तापमान विचारत.

आता त्या गणपतीबद्दल. सणाचे पाच दिवस पेरून देवघरात एकटा पडेल म्हणून अण्णांनी त्याला गणपतीच्या चौरंगावरच, उजव्या हाताला बसवलं होतं. निपाणीहून अक्कांच्या थोरल्या बहीण आल्या होत्या. त्या अतिशय कामसू. पाचव्या दिवशी अक्कांना ताप होता, अण्णा कारखान्यात अडकले होते, तेव्हा विसर्जनाची सूत्रं थोरल्या बहिणीकडे गेली. त्यांनी चौरंगावर जे काही होतं त्या सगळ्याची उत्तरपूजा केली. दोघांना अक्षता वाहिल्या, दोघांच्या हातावर दही घातलं, दोघांना दही-पोह्यांची शिदोरी दिली. पेरून हा गणपतीचा दारवान असावा असा त्यांचा समज झाला होता आणि मालक गेल्यावर दारवानाने मागे थांबायचं काय कारण? पेरून असलेलं ताट तळ्यापर्यंत मी नेलं. अण्णांची परवानगी असेल असं मी गृहीत धरलं. विचारलं नाही. गणपती बुडाला. पेरून बुडाला नाही, लाकूडच ते, पाठीवर तरंगत तळ्याच्या मध्याकडे गेला. थोरल्या बहिणींनी हात जोडून दोघांनाही पुढच्या वर्षी लवकर या म्हणून सांगितलं.

अण्णा आठला घरी आले. रिकाम्या चौरंगाकडे बघितलं. देवघरात जाऊन आले. मग मी आणि थोरल्या बहिणींनी मिळून काय झालं ते सांगितलं. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, ‘दुसऱ्यांदा.’

पहिल्यांदाची गोष्ट त्यांनी मला पूर्वी सांगितली होती. हजार वर्षांपूर्वी कीव्हच्या राजाने धर्म बदलला आणि टेकडीवरचा पेरून घोड्याच्या शेपटीला बांधून खाली ओढत आणवला. बारा माणसांनी त्याला काठ्यांनी मारलं आणि नदीत लोटलं. राजाचा हुकूम होता म्हणून लोटणारे लोटत होते, आणि बाकीचे काठाकाठाने धावत रडत होते, देवा, वर ये, बाहेर ये म्हणून. ‘पण आपल्याकडं कोणी मारलं नाही हो त्याला,’ थोरल्या बहीण रडत म्हणाल्या, ‘आपण दही दिलं.’ अण्णांनी मान हलवली. ‘होय की, ताई. हे विसर्जन जास्त चांगलं झालं. रडू नका.’ ते स्वतः रडले नाहीत. जेवलेही नाहीत. झोपायला जाण्याआधी त्यांनी मला एवढंच विचारलं, ‘आणि मिकोला एप्रिलात आला तर?’

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता आम्ही दोघं तळ्यावर होतो. अण्णा काठाने चालत होते आणि पाण्याकडे बघत हाका मारत होते, ‘बन्नि, स्वामी, बन्नि!’ या, स्वामी, या. मी म्हणालो, निदान रशियनमध्ये तरी हाक मारा, त्याला कन्नड कसं कळणार? ‘त्याला कळतं हो,’ अण्णा म्हणाले, ‘तळ्याला नाही कळत. सोडायचं तळ्यानं आहे.’ कारखान्यात जायच्या आधी असे ते अकरा दिवस गेले. फिरायला येणाऱ्या लोकांनी सुरुवातीला त्यांची चौकशी केली, मग त्यांना वाट करून द्यायला सुरुवात केली. पेरून सापडला नाही. बाराव्या दिवशी ते मला म्हणाले, ‘चिठोरी चालू ठेवा बरं का, पेपरवाले. थांबवू नका.’ मी थांबवली नाहीत.

पुढच्या वर्षी जूनमध्ये कारखान्यातल्या एका कामगाराने बातमी आणली की तळ्याच्या पलीकडच्या काठाला, रिक्षास्टँडजवळ, एक नवा मुनीश्वर बसलाय. मुनीश्वर हा बंगळूरचा राखणदार देव. त्याला मोठ्या मिशा असतात आणि लोक त्याला विडी ओढायला देतात. ‘अण्णा, मिशा पितळेच्या आहेत,’ कामगार म्हणाला. ‘आपल्या तारेसारख्या.’ त्या गुरुवारी अण्णा आयुष्यात पहिल्यांदा अर्धा दिवस रजेवर गेले. मी बरोबर होतो.

एका जुन्या पिंपळाच्या बुंध्याशी, तीन विटांवर, पेरून उभा होता. गळ्यात लिंबांची माळ, कपाळभर कुंकू, मिशांना हळद. समोर अर्धी जळलेली विडी. शेजारी एक म्हातारी फुलवाली बसली होती. तळ्यातली जलपर्णी काढली तेव्हा त्या ढिगाऱ्यात तिला तो सापडला होता. अण्णांनी चपला काढल्या, नमस्कार केला आणि कन्नडमध्ये बोलायला सुरुवात केली.

‘अज्जी, हे आमच्या घरचे आहेत.’

म्हातारीने त्यांच्याकडे नीट बघितलं. ‘घरचे होते तर पाण्यात कोणी टाकलं?’

‘टाकलं नाही. चूक झाली.’

‘देव चुकून पाण्यात जातो होय?’

‘जातो, अज्जी. याचं दुसऱ्यांदा झालंय.’

एवढ्यात तीन-चार रिक्षावाले जवळ आले. त्यातला एक जरा तापट होता. ‘अण्णा, न्यायचं नाव काढू नका हं. मे महिन्यात समोरच्या नारळावर वीज पडली. झाड जळालं, आणि आमच्या एका गाडीला ओरखडा नाही.’ अण्णांचा चेहरा एकदम बदलला. ‘किती वाजता? आवाज आधी आला की उजेड?’ त्यांनी खिशातून वही काढली. रिक्षावाले आपापसांत भांडू लागले, कोणी चार म्हणे, कोणी साडेचार. अण्णांनी सगळ्यांचं लिहून घेतलं, मग वही मिटली आणि बराच वेळ पेरूनकडे बघत उभे राहिले. फुलवालीने हात पेरूनच्या विटेवर ठेवला होता, तो तिने काढला नव्हता.

‘सरी, अज्जी, ठीक आहे,’ अण्णा म्हणाले. ‘इथंच असू देत. पण आंघोळ घालू नका रोज. लाकूड आहे, स्वल्प जपा.’

परतताना मी विचारलं, मागितला असता तर तिने दिला असता असं मला वाटलं, का नाही मागितला? अण्णांनी एकदा मागे वळून झाडाकडे बघितलं. मग म्हणाले, ‘तिथं त्याला झाड आहे, आभाळ आहे. माझ्याकडं सोळा वर्षं फळीवर होता.’ आणखी काही पावलं चालल्यावर म्हणाले, ‘पण मिकोलाला कळवायला पाहिजे. त्याचा देव आहे.’

मी ऑफिसमधल्या एका छायाचित्रकाराकडून कॅमेरा मागून आणला आणि पेरूनचा फोटो काढला, लिंबं आणि विडीसकट. पत्र लिहायला अण्णांना तीन गुरुवार लागले. रशियन विसरत चाललं होतं, शब्दकोशाची पानं सुटी झाली होती. लिहून झाल्यावर त्यांनी ते मला मराठीत वाचून दाखवलं. ‘तुझा देव माझ्या घरच्यांनी पाण्यात सोडला. तो बाहेर आला. आता झाडाखाली असतो, फोटो बघ. इथले लोक त्याला दुसऱ्या नावानं हाक मारतात आणि तो ओ देतो. मिशा मी केलेल्या आहेत. माझ्याकडून चूक झाली, माफ कर. तू कसा आहेस? तू आहेस का?’ शेवटचं वाक्य वाचताना ते थांबले. ‘हे राहू दे काय?’ त्यांनी अक्कांना विचारलं. अक्का म्हणाल्या, ‘राहू दे. इतकी वर्षं तेच तर विचारायचं होतं.’

राजाजीनगरच्या पोस्टात खिडकीवरच्या बाईंनी पाकीट उलटसुलट करून बघितलं. दोन्ही देशांची नावं वाचली. ‘अण्णा, याला पोचपावतीचं कार्ड लावा,’ त्या म्हणाल्या. ‘उत्तर नाही आलं तरी कार्ड येईल. ज्यानं घेतलं त्याची सही असते.’ आधीच्या पाच पत्रांच्या वेळी हे कोणी सांगितलं नव्हतं. अण्णांनी कार्ड लावलं.

त्यानंतर ते फाटकाशी उभे राहायचे थांबले. तापमानाची चिठ्ठी घेत, वाचत, घडी करून ठेवत, पण मिकोला काय करत असेल ते बोलत नसत. ऑगस्टमध्ये दोनदा मोठा गडगडाट झाला. दोन्ही वेळा त्यांनी मोजलं आणि मेहुण्याला फोन केला नाही. दुसऱ्या वेळी मेहुण्याचाच फोन आला. ‘भाओजी, बरं आहे ना? मी गच्चीवर जाऊन आलोय.’

कार्ड नवव्या आठवड्यात आलं. गुरुवार नव्हता, बुधवार होता. मी घरी होतो. अक्कांनी ते पोस्टमनकडून घेतलं आणि उलटं करून दत्ताच्या तसबिरीपुढे ठेवलं, अण्णा येईपर्यंत कोणी बघायचं नाही म्हणाल्या. अण्णा साडेसहाला आले. हातपाय धुतले, कपडे बदलले, देवघरासमोर पाटावर बसले, पण कार्डाला हात लावला नाही. ‘पेपरवाले, तुम्ही बघा,’ ते म्हणाले. ‘आणि वाटतं बिटतं असं काही सांगू नका. तपासा.’

कार्ड गुलाबी होतं. कोपरा फाटलेला होता. कीव्हचा शिक्का होता, त्यावरची तारीख वाचता येत नव्हती. खाली निळ्या शाईत सही होती, अक्षर थोडं कापरं. मी अण्णांकडून मिकोलाची जुनी पत्रं मागून घेतली आणि त्यातल्या तीन पत्रांखालच्या सह्या कार्डावरच्या सहीशेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहिलं.

जुळली.